झालं ते कबूल

जांभुळदऱ्याच्या वरच्या अंगाला गावाची शेतं संपतात आणि रानाची चढण लागते, तिथं कातकऱ्यांची दहा-बारा खोपटं होती. त्यातल्या सगळ्यात वरच्या खोपटात सखू राहायची. अंगानं काटक, बोलायला मोजकी. गावातल्या निम्म्या लोकांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. 'मोहोळवाली' म्हटलं की मात्र लहान पोरंही तिच्या खोपटाकडं बोट दाखवायची.

आग्या मोहोळ काढणं हे काम बाईचं नव्हे. आग्याची माशी म्हणजे साधी माशी नाही. एक चावली तर ताप भरतो, शंभर चावल्या तर माणूस उठत नाही. पोळी लागतात ती कड्याच्या पोटाला, नाहीतर उंच उंबराच्या शेंड्याला. सखूचा बाप कोंडीबा हा त्या कामातला पटाईत गडी. त्याला दोन लेक होते, पण दोघांनाही उंचावर गेलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. धाकटी सखू मात्र वानरासारखी चढे. शेवटी कोंडीबानं जनरीत बाजूला ठेवली आणि लेकीच्या कमरेला दोर बांधला. वाखाचा दोर कसा वळायचा, ओल्या पाल्याची चूड कशी धुमसत ठेवायची, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून पिलावळीचा भाग झाडाला कसा राखायचा, हे सगळं त्यानं तिला शिकवलं. आणि एक शिस्त लावली. बाकीचे मोहोळ रात्री काढायचे. कोंडीबा उजाडल्यावर काढायचा. पोळ्याला हात लावण्याआधी तीन हाळ्या द्यायच्या. पहिल्या हाळीला गुरं हलवायची, दुसरीला माणसांनी सरायचं, आणि तिसरीनंतर चिलीमभर वेळ थांबून खाली नीट बघायचं, मगच चूड पेटवायची.

कोंडीबा गेला तेव्हा सखूचं लग्न होऊन कान्हू घरात आला होता. कान्हू स्वभावानं गरीब, कामाला वाघ. बायको दोरावर लोंबकळते आणि आपण खाली उभे राहतो याची त्याला कधी लाज वाटली नाही. खालची वाट राखणं हेही कामच आहे, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

सन छप्पनच्या चैत्रात गावाच्या वरच्या उंबरावर मोठं पोळं लागलं, चांगलं सुपाएवढं. सखूनं चार दिवस ते नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी सकाळी वारा पडला होता. ती उंबराखाली गेली आणि खणखणीत आवाजात हाळी दिली. "आग्या उठतोय, गुरं हलवा व्ह." गावातली चंद्राबाई शेळ्या घेऊन वर येत होती. कान्हूनं तिला पायवाटेवरूनच माघारी लावलं. दुसरी हाळी झाली, तिसरी झाली. सखू वर चढली, फांदीवर बसून तिनं चारी दिशा न्याहाळल्या. कुणी दिसलं नाही. मग तिनं चूड पेटवली.

करवंदाच्या जाळीमागं, शेताच्या तालीवर, म्हणजे दगडी बांधावर, हैबतराव बसले होते. ते तिला दिसले नाहीत.

हैबतराव म्हणजे गावातले बडे शेतकरी. दंडात बेडकी, मानेला घडी. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्यांत त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, आणि पंचेचाळिशी आली तरी त्याची आठवण ते कुणाला विसरू देत नसत. हाळी ऐकून लोक शेतातून निघून गेले. हैबतराव उलट वर आले. कान्हूची वाट सोडून दुसऱ्या अंगानं, तालीवरून. बाई मोहोळ कशी काढते ते जवळून बघायची त्यांना हौस होती, आणि माशीला भिऊन पळणारा मी न्हवं, असं ते आदल्या दिवशीच चावडीवर बोलून बसले होते.

धूर पोळ्याला लागला तशी माशी उठली. आधी एक काळा पट्टा सुटल्यासारखा दिसला, मग सगळी हवाच गुणगुणू लागली. एक माशी हैबतरावांच्या कानामागं चावली, दुसरी ओठाला. तिसरी चावायच्या आत त्यांनी उठून धूम ठोकली. पुढं तालीची कड होती, खाली दीड पुरुष खोल. अंगाभोवती घोंगावणाऱ्या माश्यांत त्यांना ती दिसलीच नाही. खाली दगडांचा रचाव होता. त्यावर ते आदळले आणि मांडीचं हाड मोडल्याचा आवाज सखूनं वरून ऐकला.

ती कशी उतरली ते तिचं तिला आठवत नव्हतं. अर्धं कापलेलं पोळं तसंच टाकून, धुमसती चूड हातात धरून ती तालीखाली आली. हैबतरावांवर आपली घोंगडी टाकली, चूड त्यांच्याभोवती फिरवत राहिली. माश्या त्यांना सोडून तिला डसू लागल्या. तिचं तोंड भाकरीसारखं फुगलं, एक डोळा मिटला, पण माशी निवेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग कान्हूनं बांबूच्या कामट्या आणल्या, तिनं त्या मोडलेल्या पायाला दोन्ही अंगांनी बांधल्या. गावातले लोक शिडी घेऊन आले. शिडीवर घालून हैबतरावांना पौडला नेलं, तिथून मोटारीत घालून पुण्याला.

पाय जोडला गेला. पण हैबतराव तीन महिने खाटेला खिळले, आणि गावात एक पेच पडला. हैबतरावांसारखा पैलवान पडला कसा? माशीला भिऊन पळाला आणि स्वतःच्याच तालीवरून गडगडला, हे सांगायचं कसं? त्यांचा मेव्हणा गेणबा हा जिभेचा तिखट माणूस. त्यानं परस्पर पोलीस चौकी गाठली आणि सांगितलं, की कातकरणीनं जुना राग धरून मधमाश्या अंगावर सोडल्या आणि पाव्हण्याचा पाय मोडला. जमादारानं जसं सांगितलं तसं लिहिलं. कातकऱ्यांवरचा गुन्हेगार जातीचा शिक्का सरकारनं काही वर्षांपूर्वीच पुसला होता. पण कायद्यातून पुसला म्हणून लोकांच्या मनातून थोडाच पुसला जातो. सखूला धरून नेलं. कुशाबा नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं जामीन दिला, म्हणून ती संध्याकाळी घरी तरी आली.

वाडीत त्या रात्री कुणाच्या चुली पेटल्या नाहीत.

पौडच्या कचेरीबाहेर लिंबाखाली चिंतोपंत नावाचे अर्जनवीस बसत. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा, पण तीस वर्षं कोर्टाच्या पायरीशी बसून त्यांना वकिलाइतका कायदा येई. सखू आणि कान्हू त्यांच्याकडं गेले. त्यांनी चष्मा पुसून आरोपाचा कागद वाचून दाखवला. 'मधमाश्या अंगावर सोडून जाणूनबुजून जबर दुखापत केली, कलम तीनशे पंचवीस.'

सखूनं विचारलं, "सोडून म्हंजी? माशी काय पाळल्यालं कुत्रं हाय व्हय, सोडायला?"

चिंतोपंत हसले नाहीत. त्यांनी तिला समजावलं, की कोर्टात लांबण लावून चालत नाही. एक सोपा मार्ग आहे. सांगायचं, मी तिथं नव्हतेच. मोहोळ मी काढलंच नाही. माशी आपोआप उठली, घार झडपली असेल. हैबतराव सोडले तर पाहणारं कोण होतं? तुझा नवरा आणि ती शेळ्यावाली. शेळ्यावाली गावची बाई, ती कशाला तोंड उघडेल.

कान्हूला ते पटलं. वाडीतल्या सगळ्यांनाच पटलं. जुने लोक म्हणाले, कोर्टाला दोनच गोष्टी समजतात, केलं किंवा नाही केलं. मग नाही केलं म्हणावं आणि मोकळं व्हावं. सखूनं चार दिवस नेहमीची कामं केली. ती रानात जायची, लाकूडफाटा आणायची, भाकरी थापायची. पाचव्या दिवशी ती एकटीच पौडपर्यंत चालत गेली आणि चिंतोपंतांसमोर जाऊन बसली.

ती म्हणाली, "पंत, मी व्हते तितं. चूड मीच लावली. माशी माझ्यामुळं उठली. त्यो माणूस खाटंवर पडला, त्ये बी माझ्यामुळं झालं. ह्ये मी न्हाई कसं म्हनू? पर मी त्याचा पाय मोडला न्हाई. झालं येगळं आन केलं येगळं."

चिंतोपंतांनी दौतीचं बूच लावलं. मग त्यांनी पिशवीतून एक जुनं, पानं सुटलेलं कायद्याचं पुस्तक काढलं. दोन-तीन कलमं वाचली, पुन्हा वाचली. मग म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी हा फरक कागदावर वाचला. तोंडानं कुणी सांगितलेला आजच ऐकला. तू म्हणतेस तसंच बोल. पण एक शब्द इकडचा तिकडं होऊ देऊ नकोस. आणि कुणी लिहून घेतलं तर वाचून दाखवायला लाव."

पुण्याहून मॅजिस्ट्रेट ठरल्या दिवशी पौडला येत आणि कचेरीजवळच्या एका लांबट खोलीत कोर्ट भरे. जेठ संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता, खोलीत भट्टीसारखं उकडत होतं. जांभुळदऱ्याचं निम्मं गाव आलं होतं. गेणबा पुढच्या बाकावर, नातेवाइकांसह. हैबतरावांना खुर्चीवर बसवून आणलं होतं, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. वाडीची माणसं दाराबाहेरच उभी राहिली. आत जायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. सखूनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. लाकडी कठड्यामागं ती उभी राहिली तेव्हा तिचं डोकं कठड्याच्या जेमतेम वर आलं.

कारकुनानं आरोप वाचला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का तुला?"

सखू म्हणाली, "झालं ते कबूल. केलं ते न्हाई."

कारकुनानं मान हलवली, टाक दौतीत बुडवला आणि लिहू लागला. सखूला अक्षर येत नव्हतं, पण तिनं पाहिलं, की आपण दोन गोष्टी बोललो आणि या माणसाचा हात एकाच ठिकाणी थांबला.

ती म्हणाली, "काय लिवलं, त्ये वाचून दावा."

खोलीत कुजबुज झाली. कारकुनानं तिच्याकडं न बघता कागद पुढं सरकवायला घेतला. पण मॅजिस्ट्रेटनी हात वर केला. पन्नाशीचे, शांत गृहस्थ, कपाळाचा घाम रुमालानं टिपत बसलेले. त्यांनी कारकुनाला वाचायला सांगितलं. कारकून वाचू लागला, "आरोपीस गुन्हा कबूल."

"असं मी बोलले न्हाई," सखू म्हणाली.

मॅजिस्ट्रेट पुढं झुकले. "बाई, तुम्ही काय बोललात ते पुन्हा सांगा. सावकाश."

कुणा साहेबानं 'तुम्ही' म्हणण्याची ही तिच्या जन्मातली पहिली वेळ. तिनं सावकाश सांगितलं. मोहोळ मी काढत होते. माशी उठली. हैबतराव पळाले, पडले, पाय मोडला. हे झालं, ते माझ्या मोहोळामुळं झालं, ते मला कबूल आहे. पण त्यांचा पाय मोडावा म्हणून मी काही केलं नाही. ते तिथं आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. मॅजिस्ट्रेटनी आधीची ओळ स्वतःच्या हातानं खोडली आणि खाली चार ओळी लिहिल्या. मग कारकुनाला त्या मोठ्यानं वाचायला लावल्या. सखूनं डोळे मिटून एक-एक शब्द ऐकला आणि म्हणाली, "आता बराबर हाय." बाहेर उभ्या असलेल्या वाडीच्या माणसांनी ते ऐकलं आणि ती एकेक करून दारातून आत आली.

साक्षी सुरू झाल्या. गेणबानं रागाची गोष्ट सांगितली, पण राग कशाचा असं विचारल्यावर त्याला नीट सांगता येईना. मग अनपेक्षित झालं. सरकारी वकिलानं दोन-चार गावकरी उभे केले होते, त्यात चंद्राबाईही होती. तिला विचारलं, की बाईनं माश्या उठवल्या हे तू पाहिलंस का. तिनं व्हय म्हटलं. आणि कुणी न विचारता पुढं सांगून टाकलं, की तीन हाळ्या मी माझ्या कानानं ऐकल्या आणि कान्हूनं मला वाटेवरून माघारी लावलं, न्हाईतर माझ्या शेळ्यांचं काही खरं नव्हतं. गेणबानं डोळे वटारले. चंद्राबाईनं पदर सावरला आणि सरळ समोर बघत राहिली.

वकील हुशार होता. त्यानं रोख बदलला. तो म्हणाला, जाणूनबुजून नसेल, पण निष्काळजीपणा तरी आहेच. सगळे लोक मोहोळ रात्री काढतात, गाव झोपलेलं असताना. ही बाई भर दिवसा काढते. मग माणसं सापडणार नाहीत तर काय होईल? मॅजिस्ट्रेटनी सखूकडं पाहिलं.

सखूला राग आला नाही. उलट हा प्रश्न कुणीतरी विचारावा असंच तिला वाटत होतं, असं ती पुढं सांगायची. ती म्हणाली, "रातीला माझ्या बापाच्या भावानं काढलं व्हतं. अंधारात एक म्हातारा परसाकडं उठला व्हता, त्यो कुणाला दिसला न्हाई, माश्या चावून मेला. म्हून माझा बा दिसा काढायला लागला. रातीला मला माशी दिसत न्हाई आन माणूस बी दिसत न्हाई. दिसा मी वरून समदं बगती. त्या दिशी बी बगितलं. जाळीमागं बसल्यालं माणूस न्हाई दिसलं."

वकील बसला. शेवटी हैबतरावांची साक्ष झाली. त्यांनी मोघम सांगितलं, माश्या आल्या, पडलो, पाय मोडला. मॅजिस्ट्रेटनी सखूला सांगितलं, की तुम्हाला वकील नाही, तर साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर तुम्ही स्वतः विचारू शकता.

बड्या घरच्या माणसाला कातकरणीनं चारचौघांत प्रश्न विचारायचा, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. सखूनं दोन्ही हातांनी कठडा धरला.

"आबा, मी तुमास्नी ढकललं का?"

"न्हाई."

"दगूड मारला, काठी मारली?"

"न्हाई."

"मी हाळी दिली, ती तुमी ऐकली का?"

हैबतरावांनी गेणबाकडं पाहिलं, मग भिंतीला टेकलेल्या कुबड्यांकडं. ज्या घोंगडीखाली ते त्या दिवशी पडले होते तिला पाल्याच्या धुराचा वास होता, आणि त्या वासातून एक सुजलेलं तोंड त्यांच्यावर वाकलं होतं. एवढं त्यांना आठवत असणारच. कारण पुढं जे ते बोलले ते कुणी शिकवून बोलण्यासारखं नव्हतं.

"ऐकली," ते म्हणाले. "तिन्ही ऐकल्या."

"मग का न्हाई सरला?"

"वाटलं, मला काय करत्यात माश्या."

सखूला एवढंच विचारायचं होतं. पण हैबतराव थांबले नाहीत. त्यांनी मॅजिस्ट्रेटकडं तोंड फिरवलं आणि आखाड्यात बोलावं तशा भारदस्त आवाजात म्हणाले, "साहेब, मी भ्यालो. भिऊन पळालो आन पडलो. हिनं मला पाडलं न्हाई. हिनं मला झाकलं. माझ्या वाटच्या माश्या हिला चावल्या. ह्ये मी आधीच सांगाया पायजे व्हतं."

गेणबा उठून बाहेर गेला. मागं कुणी गेलं नाही.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर झाला. मॅजिस्ट्रेटनी तो इंग्रजीत लिहिला होता, पण वाचताना कागद खाली ठेवून मराठीत सांगितला, कारण त्यांना तो त्या बाईला समजायला हवा होता. ते म्हणाले, आरोपीमुळे या माणसाला दुखापत झाली, हे आरोपी स्वतःच सांगते, आणि कोर्ट ते खरं धरतं. पण आरोपीनं दुखापत केली असं म्हणायचं तर तिचा तसा हेतू हवा, किंवा आपल्या कामानं या माणसाला इजा होईल याची तिला जाणीव हवी. माशी चावते हे तिला माहीत होतं, म्हणूनच तिथं कुणी असू नये याची तिनं तजवीज केली. तीन हाळ्या, वाटेवर माणूस, वरून पाहणी. याहून जास्त काळजी एखाद्या शहाण्या माणसानंही घेतली नसती. म्हणून निष्काळजीपणाही नाही. दुखापतीला कारण होणं हा दरवेळी गुन्हा नसतो. आरोपी निर्दोष आहे. मग त्यांनी चष्मा काढला. "सखूबाई, तुम्ही जाऊ शकता."

सखू कठड्याबाहेर आली. वाडीच्या लोकांना काय झालं ते चटकन कळलं नाही. चिंतोपंतांनी दाराशी उभं राहून दोन शब्दांत सांगितलं, तेव्हा पोरांनी पौडच्या बाजारातून जी आरोळी ठोकली ती एस. टी.च्या थांब्यावरच्या माणसांनी वळून ऐकली. कान्हू रडत होता आणि रडतोय हे त्याला कळत नव्हतं. घराकडं परतताना सगळी वाडी सखूच्या मागं चालली. ती नेहमीच्या चालीनं, भरभर, पुढं. वाटेत ओढ्यावर थांबून ती पोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, आज भूक लई लागली हाय.

पुढच्या चैत्रात चावडीवर ठरलं, की सखूची हाळी म्हणजे गावाची हाळी. ती ऐकून जो सरणार नाही त्याची जबाबदारी त्याची. ठराव मांडला तो हैबतरावांनी. ते तेव्हा काठी टेकत, थोडे लंगडत चालत, आणि पैलवानकीच्या गोष्टी सांगताना माशीचीही गोष्ट सांगत. त्यात स्वतःलाच हसत. सखूच्या वाटेला कुणी गेलं नाही ते एवढ्यानंच नव्हे. लोकांना तिच्याकडून एक माप मिळालं होतं. बांधावरून भांडण लागलं, बैल कुणाच्या रानात शिरला, दगड निसटून कुणाचं मडकं फुटलं, की माणसं सखूच्या खोपटाशी यायची. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, झालं का केलं? कधीकधी तेवढ्यावरच भांडण मिटायचं.

पण खरी कसोटी सात-आठ वर्षांनी लागली. घाटाकडं जाणारा रस्ता रुंद करायचं काम निघालं. वाडीची माणसं खडी फोडायला जात. ठेकेदार बाहेरगावचा होता, काम उरकायच्या घाईतला. एके दिवशी दुपारी, सखूही खडी फोडत असताना, त्याच्या देखत माणसांनी सुरुंग लावला आणि त्यानं हातातला इशाऱ्याचा भोंगा वाजवला नाही. उडालेल्या कपचीनं सखूची भावजय सोनी हिचा डावा डोळा गेला. ठेकेदारानं रस्त्याच्या साहेबांना कळवलं, अपघात झाला. त्यानं सखूचंच नाव घेतलं. म्हणाला, तुमच्या त्या मोहोळवालीला विचारा, झालं आणि केलं वेगळं असतं. आमच्या हातून झालं.

ते ऐकून सखू पुन्हा पौडला गेली. चिंतोपंत आता थकले होते, पण लिंबाखाली होते. त्यांनी अर्ज लिहिला आणि सखूनं तो शब्द न् शब्द वाचून दाखवायला लावला. कोर्टात ती या वेळी साक्षीदार म्हणून उभी राहिली. ठेकेदाराच्या वकिलानं तिला गोड आवाजात विचारलं, की सोनीचा डोळा जावा असा आमच्या अशिलाचा हेतू होता असं तुमचं म्हणणं आहे का.

"न्हाई," सखू म्हणाली. "त्यानं केलं असं मी म्हनत न्हाई. पर झालं असं बी म्हनू नगा. बाया खडी फोडत व्हत्या त्या त्याला दिसत व्हत्या. भोंगा हातात व्हता. वाजवला न्हाई. ह्याला होऊ दिलं म्हनत्यात."

नवे मॅजिस्ट्रेट तरुण होते. त्यांनी तो शब्द तसाच लिहून घेतला, 'होऊ दिलं', आणि कायद्यात त्याला जे नाव आहे ते निकालात त्याच्यापुढं लिहिलं. ठेकेदाराला निष्काळजीपणाबद्दल शिक्षा झाली. गुन्हेगार म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा सोनी पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी पहिल्या बाकावर बसली होती. तिला आणि वाडीच्या बाकी बायांना आता आत जायचं असतं हे माहीत होतं. एकीनंही दाराबाहेर उभं राहून निकाल ऐकला नाही.